वैशालीच्या वहीचं सत्तेचाळीसावं पान

माझी धाकटी बहीण वैशाली काविळीनं गेली, त्याला सहा आठवडे झाले. अकराव्या दिवशी नागपूरहून तिच्या जुन्या सरांचा फोन आला. दुःखाची दोन वाक्यं बोलून त्यांनी विचारलं, "तिची प्रयोगाची वही तुमच्याकडे असेल ना? शोधनिबंध छापणारे मूळ नोंदी मागून राहिले." मी पाटबंधारे खात्यात मोजणीचं काम करतो, रागाच्या भरात बोलत नाही. वही घरी आहे, येऊन वाचा, म्हणालो. हा लेख मात्र मी रागातच लिहितो आहे.

वैशालीनं त्या प्रयोगशाळेत चार वर्षं काढली. काम उंदराच्या एका प्रोटीनवर होतं. ते प्रयोगशाळेतच तयार केलेलं असतं, कुपीच्या तळाशी दिसेल न दिसेल एवढं. ती सांगायची, "संत्र्याच्या फोडी कशा एकमेकीला धरून असतात दादा, तसं हे पेशींना धरून ठेवते." मी म्हणालो, माणसाचं का नाही घेत? "उंदीर बरा, खोटं तर बोलत नाही."

हे प्रोटीन विरघळवलं की त्याच दिवशी थोडं थोडं वाटून गोठवायचं. एक नळी एकदाच काढायची, उरलं तरी परत ठेवायची नाही; वितळून पुन्हा गोठलं की ते कामातून जातं. वैशालीनं वीस नळ्या केल्या होत्या. मे महिन्यात पाहुणे आले तेव्हा सरांनी त्या दाखवायला बाहेर काढल्या, टेबलावर विसरले आणि नंतर गुपचूप परत ठेवल्या; वैशालीनं ते पाहून वहीत टिपलं. पुढे पेशी चिकटेनात. सर सगळ्यांसमोर म्हणाले, वैशाली निष्काळजी आहे. तिला काढलं. तिच्याच आधीच्या प्रयोगांवर निबंध छापला, त्यात तिचं नाव नव्हतं... मग ती वही घेऊन घरी आली, सौंसरहून बसनं पांढुर्ण्याला कॉलेजात शिकवायला जायची. आईला एकच सांगायची, "मी नाही बिघडवलं."

सर आले. आई फ्रीजकडे वळली, "सरबत देऊ का सरायले?" मी म्हणालो, साधं पाणी दे. मग सत्तेचाळीसावं पान समोर ठेवून म्हटलं, मोठ्यानं वाचा. त्यांनी वाचलं : वीस नळ्या, सरांनी काढल्या, दोन तास दहा मिनिटं बाहेर.

आईनं विचारलं, "मंग माह्या पोरीनं नाही बिघडवलं ना?"

सरांनी वही मिटली. "नाही, काकू."

"लिहून देता?" मी विचारलं. ते उठले.

वही संस्थेची, म्हणून पानं मोजून, पोच घेऊन कार्यालयात जमा केली. सरांच्या हाती दिली नाही. त्याआधी त्या पानाच्या आठ झेरॉक्स काढल्या. एक छापणाऱ्यांना, सात निबंधावर नाव असलेल्या सातही जणांना. सरांचा पुन्हा फोन आला, माफी मागतो म्हणाले. माफी नको, नाव पाहिजे.

फ्रीजरमध्ये वैशालीनं वाटून ठेवलेल्या लिंबाच्या रसाच्या अकरा डब्या आहेत, एका डबीत एका वेळचा रस, वर तारीख. पाहुणे आले की आई अजून तिकडे वळते. मी काढू देत नाही. निबंधावर तिचं नाव लागेल त्या दिवशी सगळ्या काढू.