शोभाताई आणि दामिनीचे नवे बूट

शोभाताई मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. तिच्याविषयी मी काही गोडगोड लिहीन अशी कुणाची अपेक्षा असेल, तर त्यानं इथेच थांबावं.

पन्नाशीची, काटकुळी बाई. कधीकाळी राज्याच्या संघातून सॉफ्टबॉल खेळलेली. पहाटेच्या एसटीनं उमरेडहून नागपूरला यायची, सहा वाजता आमच्या वस्तीच्या मैदानावर वीस पोरींना पिचिंग, म्हणजे हात खालून फिरवून चेंडू टाकणं, शिकवायची आणि दहा वाजता गांधीबागेतल्या दुकानात साड्या उलगडून दाखवायला उभी राहायची. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलंच तर विचारणाऱ्याकडे अशी बघायची की पुन्हा हिंमत होत नसे. एवढा तोरा कशाचा, हे मला कधी कळलं नाही.

माझी दामिनी बारा वर्षांची. मी स्वतः तरुणपणी टेनिस बॉलच्या सामन्यांत फास्ट बोलिंग टाकायचो, म्हणजे वेग कशाशी खातात हे मला ठाऊक आहे. पण या बाईनं महिनाभर पोरीच्या हातात चेंडूच दिला नाही. दुकानातली कापडाची कात्रणं मोज्यात कोंबून केलेला गोळा द्यायची. तो एका गुडघ्यावर बसून भिंतीवर टाकायचा, तोही नुसत्या मनगटाच्या झटक्यानं. दुसऱ्या महिन्यात उभं राहून तेच. हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवायला मिळाला तो तिसऱ्या महिन्यात.

"घाई नका करू, जितेंद्रभाऊ," ती एकदा सगळ्यांदेखत म्हणाली. "खांदा गेला तं पोट्टीले वेणीबी घालता येणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सगळ्यात डोकं फिरवलं ते पायानं. चेंडू टाकताना उजवा पाय जमिनीत बसवलेल्या पिचरच्या पाटीवरून रेटायचा आणि बुटाचं टोक जमिनीला घासत पुढे आणायचं. पाय उचलून, पुन्हा टेकवून दुसऱ्यांदा जोर घेतला तर पंच तो चेंडू अवैध ठरवतो, असं ती म्हणे. घासून घासून दामिनीच्या बुटातून अंगठा बाहेर आला. जिल्ह्याच्या संघात पिचरची एकच जागा होती आणि तिच्यासाठी दामिनी वर्षभर राबली होती. त्या निवडीला माझी पोरगी फाटक्या बुटात उभी राहणार? आदल्या दिवशी मी पांढरेशुभ्र बूट आणले आणि तिला अंगणात उभं केलं.

"घासू नको वं. पाय उचल, पुढं ठेव, मंग जोर लाव."

चेंडू खरंच जास्त वेगानं गेला.

"पण ताई म्हणते..."

"ताईले काय समजते? बाप सांगून राहिला ना!"

दुसऱ्या दिवशी दामिनीनं पहिला चेंडू सणसणीत टाकला. पंचानं अवैध दिला. दुसराही अवैध. ती माझ्याकडे बघायची, मी 'तसंच टाक' अशी मानेनं खूण करायचो आणि ती पुन्हा पाय उचलायची. असे चार चेंडू वाया गेले की बॅटवालीला पहिला बेस फुकट मिळतो; तीन पोरी बॅट न हलवता तिथं चालत गेल्या. मग निवड समितीच्या साहेबांनी दामिनीला बाहेर बोलावलं आणि शोभाताईवर तोंडसुख घेतलं.

"मॅडम, वर्षभर काय शिकवून राहिल्या होत्या तुम्ही? पोट्टीले पाय कसा आणाचा, तेही माहीत नाही!"

शोभाताईनं दामिनीच्या कोऱ्या करकरीत बुटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं.

"माह्यं चुकलं, सर," ती म्हणाली. "मीच कमी पडली. पोरीले एक चान्स द्या."

"आता पुढच्या वर्षी," साहेब म्हणाले आणि दुसऱ्या मुलीचं नाव पुकारलं.

मला त्या बाईचा संताप आला. तिनं चारचौघांत माझं नाव घेतलं असतं तर मी भांडलो असतो, तिची उणीदुणी काढली असती आणि मोकळा झालो असतो. तिनं माझी तेवढीही सोय ठेवली नाही. आजही तिला रस्त्यात पाहिलं की मी गाडी दुसऱ्या गल्लीत घालतो.

परत येताना दामिनी गाडीवर मागे बसली होती. एरवी माझा शर्ट धरते, त्या दिवशी तिनं मागची दांडी धरली. घरापाशी उतरली आणि म्हणाली, "पप्पा, ताई खोटं बोलल्या तेव्हा तुम्ही काहून नाही बोलले?"

"चूक तिचीच होती," मी म्हणालो.

तिनं बूट दारातच काढले.

"उद्यापासून मी सायकलनं जाईन," ती म्हणाली. "तुम्ही मैदानावर येऊ नका."