केळीच्या बागेतलं तिसऱ्या प्रहराचं ऊन

धुळ्याच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत होतो. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या काळात मुलांना मी एक गोष्ट ठासून सांगायचो: हिरवा म्हणजे गारवा, पिवळा म्हणजे उन्हाचा रखरखाट, मन शांत दाखवायचं तर सावली काढा, ओढ दाखवायची तर मोकळं तापलेलं रान काढा. शाळेच्या वार्षिकात यावर मी एक लेखही लिहिला. लिहिणारे विरहाच्या वर्णनात वैशाख का आणतात आणि भेटीच्या वर्णनात झाडाची सावली का आणतात, असा काहीसा विषय होता. लोकांना लेख आवडला. त्या लेखामागे एक चित्र होतं आणि त्या चित्रामागे जे होतं ते मी लिहिलं नाही. ते आज लिहितो.

माझी धाकटी बहीण यावलच्या पलीकडे एका गावात दिली होती. आमचं गाव धरणगावच्या बाजूचं, कापसाचं. कापूस निघाला की शेतात उरते ती काळी भेगाळलेली जमीन, आणि वर आभाळ. तिच्या सासरी सगळ्या केळी. आमची आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "मनी पोर सावलीमा गयी." माझी मुलगी सावलीत पडली. मलाही तेच वाटायचं.

लग्नानंतरची तिची पहिली आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो. सासरी गेलेल्या मुली तिला माहेरी येतात, झोके बांधतात, दिवसभर गातात. पण मुलीनं आपण होऊन यायचं नसतं. भावानं आणायला जायचं, मुऱ्हाळी म्हणून. भाऊ दारात उभा राहिल्याशिवाय सासरचे पाठवत नाहीत, आणि तो सणाच्या आत पोचला पाहिजे. सणाच्या दिवशी घरात पितरांची घागर भरायची असते. त्या दिवशी सून उंबऱ्याबाहेर पाठवत नाहीत.

शाळेच्या परीक्षा संपेपर्यंत मी धुळ्यातच अडकलो आणि आखाजीच्या आदल्या दिवशी निघालो. भुसावळहून तापी ओलांडून मोटार गेली. फाट्यावर उतरलो तेव्हा दुपार होती. तिथून तिच्या गावापर्यंत केळीच्या बागांमधून पायवाट. दुपारची एक मोटार परत जायची, तिच्यात आम्हां दोघांना बसायचं होतं. त्यानंतर मोटार नव्हती.

बागेत शिरलो आणि डोळ्यांना काही दिसेना. बाहेरचं पांढरंफेक ऊन डोळ्यांत साठलेलं. मग हळूहळू उजेड दिसायला लागला, पण तो उजेड हिरवा होता. पानांतून गाळून येणारा. माझ्या हातावरही हिरवी झाक पडली होती. पाटाला पाणी सोडलेलं, ओल्या काळ्या मातीचा आणि केळीच्या चिकाचा तुरट वास, आणि वाऱ्यानं फाटलेल्या पानांचा असा आवाज की लांब कुठे पाऊस पडतोय. पिशवीत रंग आणि कागद होते. म्हटलं, अर्धा तास बसू.

आमच्याकडे त्या दिवसांत कुंचला कागदावर टेकेपर्यंत रंग वाळतो. तिथे रंग ओला राहिला. एक हिरवा दुसऱ्या हिरव्यात आपसूक उतरला. असं माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं. आणि मला कळून चुकलं की हे चित्र दुपारचं नाही. ऊन कलल्यावर खोडांच्या मधून आडवं येईल, मातीवर सोन्यासारखे पट्टे पडतील, तेव्हाच ते पुरं होईल.

मी थांबलो. मोटारीची वेळ मी विसरलो नव्हतो. उद्याची घागरही विसरलो नव्हतो. दोन्ही आठवत असताना मी बसून राहिलो. मनात म्हटलं, काहीतरी सांगता येईल.

तिच्या घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. ती ओसरीवर बसली होती, प्रवासाचं लुगडं नेसून, शेजारी गाठोडं. मला बघून उठली नाही. आधी माझ्या मागे वाटेकडे बघितलं, जणू अजून कोणी यायचं होतं.

"मोटार बंद पडली," मी म्हणालो.

तिच्या सासूबाई आतून बाहेर आल्या. "मास्तर, तुमच्या मोटारीले बैल जुपेल व्हते का?"

सगळे हसले. बहीणही हसली. मग म्हणाली, "व्हई, जुनी मोटार शे ती. कायमच बिघडस." माझी बाजू तिनं घेतली.

"आता उद्या तर घागर हाये," सासूबाई म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता. "आज आले असते तं पाठोली असती. आता पुढच्या साली."

बहिणीनं गाठोडं उचलून आत नेलं. सकाळी मी निघालो तेव्हा तिनं आईसाठी सांजोऱ्या बांधून दिल्या.

घरी आलो. निंबाला झोके बांधलेले, पोरी गात होत्या. आईनं माझ्या मागे पाहिलं.

"एकलाच उना?"

"मोटार बंद पडली."

आई आत वळली. त्या दिवशी झोक्याजवळही गेली नाही.

ते चित्र मात्र फार नावाजलं गेलं. धुळ्यात शाळेच्या भिंतीवर ते लावलं होतं. बघणारे म्हणायचे, "डोळ्यांना गार वाटतं हो, मास्तर." एक वकील म्हणाले, "यात माहेरची सावली आहे." मी मान डोलावली.

पुढच्या साली बहीण बाळंतपणामुळे येऊ शकली नाही. त्याच्या पुढच्या साली माझ्याबरोबर आली, कडेवर मूल घेऊन. पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता ती घरामागच्या शेतात गेली. भर उन्हात, मोकळ्या जमिनीवर उभी राहिली. मी मागोमाग गेलो. म्हटलं, "अगं, सावलीत ये, पोराला ऊन लागेल."

"राहू दे जराखं," ती म्हणाली. "तठे आभाय दिसस नही, भाऊ. बठ्ठं हिरवंच हिरवं. दिवस कवय उगना, कवय बुडना, काई कयस नही." तिथे आभाळ दिसत नाही, दिवस उगवला-मावळला कळत नाही. मी वार्षिकात लिहिलेलं तिनं एका वाक्यात उलटं केलं, आणि तिला ते माहीतही नव्हतं. ज्या उजेडाला मी ओढ म्हणत होतो तो तिचं घर होता, आणि ज्या सावलीला शांती म्हणत होतो तिच्यात ती एकटी होती.

संध्याकाळी तिला धुळ्याहून आणलेलं ते चित्र दाखवलं. का दाखवलं, सांगता येत नाही. कदाचित तिनं ओळखावं असंच मला वाटत होतं.

तिनं मुलाला खाली ठेवलं, चित्र दारातल्या उजेडाकडे नेलं.

"आमना गावनी वाट शे ही."

"हो."

मग ती बराच वेळ मातीवरच्या त्या पट्ट्यांकडे बघत राहिली. तिनं त्यांवरून बोट फिरवलं. "ऊन आडवं शे," ती म्हणाली. "तिसरा पहार." तो सगळा दिवस तिनं ओसरीवर बसून ऊन सरकताना पाहिला होता. त्या दिवशीचं ऊन तिच्याइतकं कोणी पाहिलं नसेल.

मोटार बंद पडली नव्हती, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

"मले दे हाई," ती म्हणाली.

"कशाला?"

"भितले लावसू. कोनी ईचारं तं सांगसू, आठलोंग येल व्हता माना भाऊ." भिंतीला लावीन, कोणी विचारलं तर सांगेन, इथपर्यंत आला होता माझा भाऊ.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर दर आखाजीला मी सणाच्या बरेच दिवस आधी तिच्या दारात उभा राहतो. सासूबाई हसतात, "मास्तर, अजून कैऱ्या पिकल्या नाही!" असा लवकर पहिल्यांदा गेलो तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, मग न्यायचे कपडे जमवायला आत गेली. गाठोडं बांधायला वेळ लागला. मी ओसरीवर बसून राहिलो. आधीपासून बांधून ठेवणं तिनं सोडून दिलंय.