ऑगस्टमधली नोंद

रोमच्या विद्यापीठात तळमजल्यावरच्या खोलीत ओर्नेलानं सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे शोधनिबंध वाचण्यात घालवली. कुठलं प्रथिन कुठल्या प्रथिनाला चिकटतं ते हुडकायचं आणि जगभरच्या जीवशास्त्रज्ञांना चटकन सापडेल असं संगणकावरच्या माहितीसाठ्यात नोंदवायचं. शोध लागला की नाव त्यांचं, चूक झाली की हिची! तरी बाई कामाला पक्की. प्रथिन माणसाचं की उंदराचं हे निबंधात दिलेलं नसलं, की ती लेखकांना मेल पाठवायची आणि उत्तर येईपर्यंत नोंद अडवून धरायची. सहकारी तिला 'जकातनाका' म्हणून चिडवत.

मार्चमध्ये बारी शहरातून मिरेला नावाच्या संशोधिकेचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या साठ्यात ही प्रथिनांची जोडी तीन ठिकाणांहून आलेली दिसते, विश्वासार्हतेचे गुणही भरपूर. मी दोन वर्षं माणसाच्या पेशींत बघतेय, काही केल्या चिकटत नाही. जूनला माझी शिष्यवृत्ती संपते. माझाच हात वाईट आहे का हो?"

"बघून कळवते," म्हणत ओर्नेलानं नोंद उघडली. तीन साठे एकत्र जोडले होते, म्हणून पुरावे तीन दिसत होते. प्रत्यक्षात बाकीच्या दोन साठ्यांनी ती जोडी इथूनच उचलली होती. नोंद खुद्द तिची, नऊ वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली. ऑगस्टात सगळी इटली समुद्रावर असते, मेलला उत्तर कोण देणार? आणि साठ्याच्या सप्टेंबरच्या आवृत्तीची घाई. तिनं 'माणूस' असं भरून टाकलं होतं. आता तिनं जुन्या मेल चाळल्या. लेखकांचं उत्तर बारा सप्टेंबरला येऊन पडलं होतं, न उघडलेलं. प्रथिन उंदराचं होतं. आणि मिरेला दोन वर्षं ते माणसाच्या पेशींत शोधत होती.

विभागप्रमुख तार्चीझिओनं ऐकून घेतलं आणि हात झटकले.

"गुपचूप दुरुस्त कर ना! कुणाला पत्ता लागतोय? मे महिन्यात तुझा करार वाढवायचाय. कशाला अंगावर ओढून घेतेस?"

"आणि त्या पोरीला काय सांगू? तुझा हात वाईट आहे म्हणून?"

"मी असं म्हणालो का?"

"गप्प बसले तर तेच झालं की!"

तोंडानं बोलली खरी, पण पुढचे दोन दिवस तिनं फोनला हात लावला नाही. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. करार गेला तर या वयात कोण विचारणार? तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं बारीला फोन लावला.

"चूक माझी आहे, मिरेला. नऊ वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये लेखकांच्या उत्तराची वाट न बघता मी 'माणूस' भरलं, प्रथिन उंदराचं होतं. तुझा हात चांगला आहे."

मिरेला म्हणाली, "मी हे कामच सोडायला निघाले होते." ती चिडली नाही, त्यामुळे ओर्नेलाला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्या ऑगस्टमध्ये तुम्ही अशा आणखी किती नोंदी केल्यात?" मिरेलानं विचारलं.

ओर्नेलाला आकडा आठवेना. त्या महिन्यात कुणाचंच उत्तर आलं नव्हतं, एवढं मात्र पक्कं आठवत होतं.