बांधावरचं वारूळ

रनाळ्याजवळच्या आमच्या गावात वडिलांच्याही आधीचं एक मातीच्या बांधाचं तळं होतं. विहिरी झाल्यावर शेतीला त्याचा उपयोग उरला नाही. पोहायचं आणि संध्याकाळी बांधावर बसायचं, एवढंच. देखभाल वडिलांकडून माझ्याकडे आली, त्यांच्या यादीसकट : बाभळीची रोपं उपटणे, उंदरांची बिळं बुजवणे, सांडव्यातला गाळ काढणे, बांधामागची ओल पाहणे.

बांधावर माणसाच्या कमरेएवढं वारूळ होतं. नागपंचमीला बाया ते पुजत. वडिलांनी ते यादीत घेतलं नाही, म्हणून मीही घेतलं नाही.

एका श्रावणात, पंचमीच्या आदल्या सकाळी, बांधामागून झिरपणारं पाणी गढूळ दिसलं. नितळ पाणी झिरपलं तर काळजी नसते. गढूळ म्हणजे आतली माती वाहून चालली. आणि बांधाच्या अगदी पायथ्याला माझ्या विधवा काकीचं घर होतं. मी कुदळ घेऊन वर गेलो, तर काकी वारुळाशी सारवत बसलेली.

"आज नागोबा बी चढना का तुन्ही यादीमां?"

"काकी, ह्याच्या बिळातून तळ्याचं पाणी तुझ्या गोठ्यामागं निघतंय."

"कोन सांगे? तुन्हा कागद?"

कागदाने ती ऐकणार नव्हती. मी म्हणालो, "तुझी हळद दे. घागरभर पाण्यात कालवून वारुळात ओततो. तू खाली जाऊन बघ."

पूजेचंच पाणी, म्हणून ती तयार झाली. "ओत. मन्हं घर शे, मीच दखसू."

पहिल्या घागरीने काही झालं नाही. दुसरी ओतली आणि जरा वेळाने गोठ्यामागून तिची हाक आली, "भाऊ, पिवळं पाणी उनं रे!"

ती धापा टाकत वर आली. पंचमीला आमच्याकडे जमीन खणत नाहीत. म्हणजे जे करायचं ते आजच. काकीने वारुळाची माती टोपलीत भरली, शेताच्या कडेच्या निंबाखाली नेऊन ठेवली, हात जोडले आणि त्या मातीकडे बोट करत तिथूनच ओरडली, "उद्या पूजा आठे! आते खन!"

आधी सांडव्यावरचा दगडांचा थर काढून दुपारपर्यंत पाणी हातभर खाली आणलं. मग गावातले तिघे बोलावून आम्ही चौघांनी वारुळाखालचं बीळ तळापर्यंत उकरलं. ओलसर चिकणमाती वीतभराच्या थरांनी भरली, प्रत्येक थर धुमसाने ठोकला. घाई करू दिली नाही. अंधार पडायच्या आत संपलं. पंचमीच्या दिवशी गोठ्यामागे पाणी झिरपत होतं, पण नितळ.

यादीत मी वारूळ लिहिलं. पुढच्या ज्येष्ठात ती घेऊन बांधावर गेलो, तर काकी हातात काठी घेऊन आधीच उभी.

"लई उशीर करा तू," ती म्हणाली. "दोन वारुळं निंघनात. लिही."