न पाठवलेला राजीनामा

प्रीतीचा फोन आला तेव्हा मी शाळेचं हजेरीपुस्तक उघडून बसले होते. शोभाच्या नावासमोरची चौकट कोरी होती. आज बाईसाहेबांना उशीर झाला, आल्यावर चिडवू, असं मनात म्हणत होते... आणि पलीकडून तिची मुलगी सांगत होती, "मावशी, आई गेली." सकाळी दुकानाचं शटर उचलताना शोभा खाली बसली, ती उठलीच नाही. वर्ध्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला.

समुद्रपूरच्या आमच्या शाळेत ती शिपाई, मी लिपिक. तिचा नवरा याच शाळेत शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागी ती लागली. पहिलं वर्ष तिनं मान वर करून कोणाशी बोललेलं मला आठवत नाही. मग एका हंगामात, कपाशीवर अळी पडलेली असताना, त्यांच्या शेतातला पाठीवरचा फवारणीचा पंप बंद पडला. दुरुस्तीवाला चार दिवसांनी ये म्हणाला. शोभानं अंगणात पोतं अंथरून पंप स्वतःच उघडला आणि संध्याकाळपर्यंत चालू केला. पुढच्या वर्षी शेजाऱ्यांचे पंप आले. त्याच्या पुढच्या वर्षी तिनं बसस्टँडमागे एक अरुंद गाळा भाड्यानं घेतला. लोक आधी दारातच थबकायचे.

"बाई, मालक कुठं हायत?"

"मालक वारले. पंप मीच पाह्यते. ठेवता का नेता?"

बहुतेक जण ठेवायचे. आणि एकदा पंप ठेवून गेलेला माणूस दुसरीकडे जायचा नाही. अडचण एवढीच, की दुकान शाळेच्या आधी आणि शाळेनंतरच उघडं असायचं. चार वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीत आम्ही दोघी डबा खात होतो. तिनं घडी घातलेला कागद माझ्यापुढे सरकवला. राजीनामा होता.

"ताई, पंप दहा ते पाचमंधीच बिघडते, अन् मी दहा ते पाच इथं घंटी वाजवून राह्यली. लोकं येतात, कुलूप पाहून वापस जातात."

"अगं, पण प्रीतीचं नर्सिंग व्हायचंय अजून."

"ते होईन. मले माह्या हातावर भरोसा हाय. तुम्ही फक्त हे वरतं पाठवून देजा."

शाळेचं सगळं टपाल माझ्याच हातून जायचं. मी तो कागद कपाटात जुन्या फायलींखाली ठेवला. आठ-दहा दिवसांनी तिनं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "संस्थेनं नामंजूर केला गं."

माझ्यावर विश्वास ठेवून तिनं मान हलवली. "असं म्हणतात का... मंग राहू द्या."

मी तिच्या भल्यासाठी केलं, प्रीतीसाठी केलं, असं मी स्वतःला कितीदा तरी बजावलं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण आज लिहायला बसलेय तर पूर्ण लिहिते. शिक्षक मंडळी आपापल्यात बसायची. शोभा येण्याआधी कित्येक वर्षं मी कपाटाकडे तोंड करून एकटी जेवले होते. मला पुन्हा तसं जेवायचं नव्हतं. एवढ्याचसाठी मी एका बाईचं चालू शकणारं दुकान अर्धं बंद ठेवलं.

नंतरची चार वर्षं ती पहाटे गाळ्यावर, मग शाळेत, मग परत गाळ्यावर अशी धावत राहिली. पाय सुजायचे. "रिटायर झाली का दिवसभर शटर उघडं ठेवीन," म्हणायची. दोनच वर्षं उरली होती. तिचा जीव दगदगीनं गेला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही त्यांना विचारलं नाही... विचारायचं धाडस झालं नाही.

गेल्या रविवारी गाळ्यावर गेले. प्रीती सामान आवरत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"हे तिले काऊन नाई सांगितलं, मावशी? मले काऊन सांगून राह्यल्या आता?"

माझ्या उत्तराची तिनं वाट पाहिली नाही. कोपऱ्यात दुरुस्त झालेला एक पंप न्यायचा राहिला होता. त्याच्या पट्ट्याला चिठ्ठी बांधलेली होती. शोभाच्या अक्षरात शेतकऱ्याचं नाव, गाव, आणि खाली "झाला". प्रीतीनं तो उचलून माझ्या हातात दिला. "इतकं तरी करा. पोचवून द्या."

दुपारच्या एसटीनं मी तो पंप मांडीवर घेऊन गेले. शेतकरी ओट्यावरच बसला होता. "बाई नाई आल्या?" त्यानं विचारलं. मला सांगावं लागलं. तो आत गेला, बादलीभर पाणी आणलं, पंपात ओतलं, बटण दाबलं. बारीक, एकसारखा फवारा सुटला.

"चालते," तो म्हणाला, आणि बटण बंद करायचं विसरून तसाच उभा राहिला.