आजी, डोळा मारा!

तीस वर्षं खातं असलेल्या बँकेला स्वतःची ओळख पटवायला मी रांगेत उभा होतो. पुढे एक आजी होत्या. सोलापुरात जन्मभर विड्या वळून वळून त्यांच्या अंगठ्याच्या रेघा पुसल्या होत्या, म्हणून यंत्र अंगठा घेईना. केवायसी झाली नाही तर पेन्शन थांबणार. शेवटी क्लार्कने त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरला. पापणी लवली की माणूस जिवंत, असं त्या यंत्राचं शास्त्र. क्लार्क घाईत म्हणाला, "आजी, डोळा मारा."

आजींनी पदर नाकापर्यंत ओढला. "उभ्या जल्मात नवऱ्याला मारला न्हाय, तुज्या डबड्याला मारू व्हय?"

क्लार्कने पडद्यावरची अक्षरं वाचली, "जिवंत व्यक्ती आढळली नाही."

"बग की! मेलेल्या बाईला डोळा मारायला सांगतंय. लई चावट हाय!"

रांग खदखदली. आजींनी कॅमेरा बाजूला सारला आणि थेट क्लार्कलाच झकास डोळा मारला. "आता जिती हाय का मी?"

लाजून लाल झालेल्या क्लार्कने कागदी फॉर्म काढला आणि 'ओळख पटली' लिहून सही ठोकली.

मग माझा नंबर आला. मी आज्ञाधारकपणे पापण्या मिटून उघडल्या. यंत्राने मला ताबडतोब जिवंत ठरवलं. आजी मात्र दारातून वळून माझ्याकडे संशयाने बघत होत्या.