चोथ्यातून गाळलेलं पाणी

रंगाऱ्याच्या नखांकडे बघून त्या दिवशी कुठला रंग चालू आहे ते कुणीही सांगावं. बायको म्हणायची, या माणसाने मळलेली कणीक खायला छाती लागते. त्यावर तो हसायचा. बहुतेक सगळ्या गोष्टी हसण्यावारी न्यायचा त्याचा स्वभावच होता. नेता आली नाही ती एकच गोष्ट, त्याची थोरली बहीण.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याला न्हाऊ-माखू घालणारी तीच, धपाटे घालणारीही तीच. शाळेने हात टेकले तेव्हा एका म्हाताऱ्या रंगाऱ्याकडे नेऊन उभं तिनेच केलं, की बाबा, याला काहीतरी शिकव, नुसता उनाडतोय. पठ्ठ्या शिकला. पुढे ओढ्याकाठी स्वतःची शेड घातली, सूत आणि कापड रंगवू लागला. त्याच ओढ्यावर खालच्या अंगाला ताईचं धुलाईचं दुकान. दवाखान्याच्या चादरी धुवायचं बांधलेलं काम तिच्याकडे होतं.

आता तुम्ही म्हणाल, वर रंगारी आणि खाली धुलाई, हे ठरवलं कुणी? कुणीच नाही. जागा मिळाली तिथे दोघांनी बूड टेकलं. बरीच वर्षं निभावलंही. हा टाकी सोडायच्या आधी तिला निरोप पाठवायचा, ती पंप बंद ठेवायची. मग एके दिवशी निरोप राहिला. गर्द गुलाबी रंगाची अख्खी टाकी ओढ्यात गेली, ताईचा पंप चालू होता, आणि दवाखान्याच्या चादरी नवरीच्या गालासारख्या झाल्या. दवाखान्याने काम काढून घेतलं.

ताई तणतणत आली. खरं तर तेव्हा पाय धरायचे. पण याचंही त्या दिवशी कुठलं तरी सूत बिघडलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. तो म्हणाला, "रंगाऱ्याचं पाणी रंगीतच असणार. तू दुकान वरच्या अंगाला काढायचं होतंस."

ताईने आवाजही चढवला नाही. "तुझं पाणी नितळ होईल तेव्हाच तुझा उंबरा ओलांडेन," म्हणाली आणि गेली.

चूक त्याला त्याच संध्याकाळी कळली. तो तिच्या दुकानी गेलाही. ती इस्त्री करत होती. मान वर न करता तिने एवढंच सांगितलं, की आधी पाणी बघ. मग ताईने नळाचं पाणी घेतलं, लॉजच्या चादरींचं काम मिळवलं आणि संसार रेटला. याच्या बायकोशी ती बाजारात चांगली तास तास बोलायची, भावाचं नाव मात्र काढायची नाही. शब्द म्हणजे तिची दगडावरची रेघ. आणि हा? हा ताईचा विषय निघाला की टाकीत काठी घालून सूत ढवळत बसायचा, गरज असो वा नसो.

त्याच्या लेकीला बाळ झालं तेव्हा आत्याकडून एक गाठोडं आलं. जुन्या मऊ कापडाची दुपटी, उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून, एकावर एक रचलेली. इतकी पांढरी की रंगाऱ्याने हात लावायच्या आधी आपली बोटं पाहिली आणि हात मागे घेतला. गाठोडं दुकानातल्या बाईच्या हाती पाठवलं होतं. ताई स्वतः आली नव्हती. नातीला मांडीवर घेऊन तो बायकोला म्हणाला की आता पाण्याचं बघायलाच पाहिजे.

बघायचं म्हणजे काय? रंगाच्या पुड्या विकणाऱ्या दुकानदाराने मागे एकदा सांगितलं होतं, की लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं, संत्र्याची सालं, चहाचा चोथा, असल्या टाकाऊ गोष्टींना रंग चिकटतो आणि पाणी मोकळं होतं. तेव्हा हा त्याला हसला होता. आता त्याने स्वयंपाकघरातल्या बरण्या पळवल्या, प्रत्येकीत एकेक जिन्नस टाकला आणि वर गुलाबी पाणी ओतलं. सकाळी पाहतो तर चोथ्याच्या बरणीतला गुलाबी सगळ्यात फिका. रंगारी खूश. दिवसाला दहा कप चहा पिणाऱ्या माणसाला याहून चांगली बातमी कुठली?

पण घरचा चोथा पुरणार किती? तो टपऱ्यांवर पिशव्या घेऊन हिंडू लागला. एका चहावाल्याने त्याला सरळ विचारलं, हाच चोथा वाळवून चहा म्हणून विकायचा विचार नाही ना? रंगाऱ्याने शपथा घेतल्या. चहावाल्याचा विश्वास काही बसला नाही, पण पिशवी भरून दिली.

पिंपात चोथा दाबून भरला, खाली कापड बांधलं, वरून रंगाचं पाणी सोडलं. खालून पाणी आलं ते तपकिरी. चोथ्याने गुलाबी धरला होता आणि स्वतःचा रंग सोडला होता. रोगापेक्षा इलाज भयंकर! बायको पोट धरून हसली. म्हणाली, अहो, आता ओढ्याला चहा पाजताय, तर साखर तरी घाला. हसून झाल्यावर उपायही तिनेच काढला. चोथा आधी उकळायचा, पाणी फेकायचं, परत उकळायचा, तपकिरी निघायची थांबेपर्यंत. मग वाळवायचा, मग पिंपात. तसं केल्यावर गुलाबी आला वठणीवर, लालही आला. निळा तेवढा चोथ्याला भीक घालेना. तेव्हा दुकानदाराने तोडगा सांगितला, की पाण्यात थोडा शिरका घाल, धार बारीक ठेव, आणि शेवटच्या पिंपात चुनखडीचे खडे टाक म्हणजे आंबटपणा मरेल. निळ्यानेही हळूहळू मान टाकली. रंग पिऊन फुगलेला चोथा पोत्यांत भरून शेडमागे रचला. त्याचं पुढे काय करायचं हे अजून ठरलेलं नाही, आणि उगाच खोटं सांगण्यात अर्थ नाही.

शेवटी एका सकाळी ओढ्यात पाणी गेलं ते नितळ. पिण्याजोगं नव्हे, पण तळाचे गोटे दिसतील असं. रंगारी हात धुऊन उंबऱ्यावर बसला, गल्लीच्या तोंडाकडे बघत. बायको म्हणाली, जाऊन सांगा की. तो म्हणाला, तिचं तिला दिसू दे.

ताई आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता रंगाऱ्याच्या मनात खुट्ट झालं. इतक्या वर्षांत तिची सवय मोडली असेल, भाऊ नसल्याची सवय झाली असेल. तिसऱ्या दिवशी तो उंबऱ्यावर बसलाच नाही. मागे जाऊन चोथा चाळत बसला. त्याला फार वाईट वाटत होतं आणि ते लपवायचीही ताकद उरली नव्हती.

तेवढ्यात पुढून आवाज आला. ताई गल्लीतून त्या वयात धावत आली होती. कोपरापर्यंत साबणाचा फेस, बाहीला कपडे वाळत घालायचे चिमटे तसेच. उंबरा कधी ओलांडला हे तिला कळलंही नाही. भावजयीचा दंड धरून ती विचारत होती, "कुठे आहे तो? दवाखान्यात नेलंत का? मला कुणी सांगितलं का नाही?"

रंगारी हातात चाळणी घेऊन दारात आला. ताई त्याच्याकडे बघतच राहिली.

"ओढ्याला रंग आला नाही," ती म्हणाली. "परवा नाही, काल नाही, आजही नाही. मला वाटलं…" ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडू लागली.

मग हळूहळू उलगडा झाला. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ताई ओढ्याकाठी जायची. लाल आला, म्हणजे भाऊ उठला. निळा आला, म्हणजे कामाला लागला. सुट्टीचा वार तिला पाठ होता. एकदा रंग नुसताच फिका येत होता, तेव्हा तिने बाजारात भावजयीला आडून आडून विचारलं होतं, घरी सगळे बरे ना? तेव्हा त्याला खरंच ताप होता. ज्या रंगाच्या नावाने तिने इतकी वर्षं बोटं मोडली, त्याचीच ती रोज वाट बघायची.

"ताई, मी पाणी नितळ केलं गं," तो म्हणाला. "तू येशील म्हणून."

तिला क्षणभर कशाचा काय संबंध ते कळेना. ती स्वतःचा शब्दच विसरून आली होती. मग उठली, पिंपाशी गेली, ओंजळीत पाणी धरलं, उजेडात पाहिलं, हुंगलं. म्हणाली, चहाचा वास येतोय. आणि त्याच ओल्या हाताने तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, लहानपणी घालायची तसा.

"मेल्या," म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "पाणी नितळ केलंस ते चांगलं केलंस. पण आता मला कसं कळायचं?"

दुसऱ्या दिवशी त्याने शेडच्या छपरावर एक बांबू उभा केला. तेव्हापासून त्या दिवशीच्या रंगाचा एक तुकडा सकाळीच वर चढतो, आणि तो खाली ताईच्या दुकानातून दिसतो.

हल्ली मात्र तो कधीमधी तुकडा लावायला विसरतो. बायको म्हणते, विसरत कसला, मुद्दाम करतो. दुपारच्या आत ताई येते, त्याला चार शिव्या घालते, नातीला जवळ घेते आणि चहा पिऊन जाते. तिच्या चहाचा चोथासुद्धा तो पिंपासाठी काढून ठेवतो.